झऱ्यावर थांबू नकोस

युरलिंग,
९ जुलै

चि. लेक निल्झाला आबाचा जुले आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझी आमा ठीक, गायी ठीक, जव गुडघ्याला लागले आहेत. जर्दाळू यंदा इतके लगडलेत की काळी गाय रोज कुंपण मोडून झाडाखाली उभी राहते आणि वर बघते. तिला हाकलण्यात माझा दिवस जातो. म्हातारपणी माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

पत्र ड्रायव्हर ग्याल्सनच्या हाती देतो आहे. पुलाजवळच्या उंच दगडावर चढलं की फोन लागतो, पण तिथून बोललेलं सगळं गाव ऐकतं. आणि काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात.

जिग्मेतच्या घरची मंडळी मागणीची जवाची छांग घेऊन येऊन गेली, हे त्यानं तुला सांगितलं असेलच. आपल्याकडे मुलीला आधी सांगायची पद्धत नाही, पण तुम्ही दोघांनी सगळं आधीच ठरवून टाकलेलं, मग आम्ही तरी कोणापासून लपवायचं! छांग आम्ही प्यायली. म्हणजे होकार दिला. जिग्मेतचा बाप साधा माणूस आहे, आई जरा नाकानं बोलते. पण मी बांधलेलं नवं न्हाणीघर तिलाही आवडलं. बाहेर येऊन म्हणाली, “अगदी लेहच्या हॉटेलासारखं केलंय हो!” निल्झा, त्या एका वाक्यासाठी मी सगळा वसंत दगड वाहिले होते. आदल्या दिवशी मी स्वतः फरशी न् फरशी घासली, अख्खी फिनेलची बाटली रिकामी केली. पांढरं भांडं असं लखलखत होतं की तुझी आमा म्हणाली, “यावर बसायचं की याला लोण्याचा दिवा लावायचा?”

तू नको म्हणत होतीस, ते विसरलो नाही. “आबा, त्यांना मी हवी असेन तर आपली जुनी खोलीही चालेल,” म्हणालीस. “थंडीत पाणी गोठल्यावर ते भांडं काय शोभेला ठेवणार?” असंही म्हणालीस. तुझं खरं होतं. जुन्या खोलीत काय वाईट होतं? भोक, शेजारी माती-राखेचा ढीग, एक फावडं. पाण्याचा थेंब लागत नाही, आणि वसंतात खालून सोनखत निघतं ते थेट शेतात. परदेशातले लोक तुझ्यामागून डोंगर चढून येतात आणि त्या खोलीचे फोटो काढून नेतात. पण फोटो काढणारे सोयरीक जुळवत नाहीत ना, बाळा. मागे जिग्मेतची आई पहिल्यांदा आली होती, तेव्हा नाकाला पदर लावून त्या खोलीतून बाहेर आली. ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. ती खोली मी पाडली, तरी तुझी आमा हट्टानं अजून शेजाऱ्यांच्या जुन्या खोलीत जाते. म्हणते, “पाण्यात घाण करायची सवय मला या वयात लागायची नाही.”

बाकी विशेष काही नाही.

एक गोष्ट आहे. गेल्या आठवड्यात गावाची बैठक झाली. झऱ्याचं पाणी काही दिवस बिघडलं होतं. खालच्या घरांतल्या पोरांची पोटं गेली, स्पालझेस आबीलाही जुलाब झाले. तुला अंगाखांद्यावर खेळवलेली म्हातारी, तिला त्रास झाला की आपल्यालाच होतो. एक दिवस तर पाण्याला दवाखान्यासारखा वास येतोय असं तीच म्हणाली. लोकांचं म्हणणं पडलं की झऱ्याच्या वरच्या कुरणात तंबू लागतात, तिथलीच घाण असणार. गावचा प्रमुख म्हणून गोबा तुंदुप म्हणाला, “यंदाच्या मोसमात कुरणावर तंबू नाही. कोणाचाच नाही.” मग मागून कोणीतरी बोललं, “कोणाचाच म्हणजे कोणाचा? येतात तरी कोणाच्या टोळ्या? मुरुपच्या पोरीच्याच!”

तर तू या मोसमात पाहुण्यांना दुसऱ्या खोऱ्यात ने. गावावर राग धरू नकोस. मी बैठकीत काही बोललो नाही. बापानं लेकीची बाजू घेतली असती तर लोक म्हणाले असते, बोलणारच तो.

लूंचा कोप झालाय असंही म्हणतात. लामांना बोलावून झऱ्याजवळच्या देवळीपाशी पूजा केली. पाण्यातले नाग रागावले की त्यांना दूध-लोण्यानंच शांत करावं लागतं. दूध आणि लोणी आपल्या घरून दिलं. मीच पुढं होऊन दिलं.

सध्या यायची घाई करू नकोस. आलीसच तर सरळ घरी ये. तुझी ती सवय आहे ना, झऱ्यावर थांबून आधी ओंजळभर पाणी प्यायचं, मग बाटली भरायची, ती यंदा राहू दे. तिथे दगडांचं काम चाललंय, पाय घसरेल.

तब्येतीला जप. आमा आशीर्वाद सांगते.

तुझा,
आबा



युरलिंग,
२९ जुलै

निल्झा,

ग्याल्सनला बजावलंय की हे पत्र तू पुलापाशी गाडीतून उतरलीस की तिथेच तुझ्या हातात द्यायचं, आधी नाही, नंतर नाही. त्या उंच दगडावर बस आणि पुरतं वाचून मग वर ये.

तुझं पत्र मिळालं. मी ते गोठ्यात बसून वाचलं. तू लिहिलं आहेस, “आबा, चूक माझीच असणार. मी सगळ्यांना सांगते की वाटेवर काही टाकायचं नाही, ओढ्यात साबण लावायचा नाही, खड्डा पाण्यापासून लांब खणायचा, कागदसुद्धा पिशवीत घालून परत न्यायचा. पण सांगणं वेगळं आणि पाहणं वेगळं. माझ्यातल्या कोणीतरी आळस केला असेल आणि मी पाहिलं नसेल. गावानं माझ्या तोंडाकडे बघून कुरण दिलं होतं. मी येऊन बैठकीत उभी राहते, सगळ्यांची माफी मागते, आणि झरा उपसायला पहिली मीच उतरते.” खाली लिहिलंस की दोन टोळ्या तू स्वतःहून रद्द केल्यास.

मी ते वाक्य वाचलं आणि मला बसवेना. काळी गाय माझ्याकडे बघत होती, तिच्याकडेही मला बघवेना.

निल्झा, तुझ्या पाहुण्यांनी काही केलेलं नाही. मी केलंय.

न्हाणीघराचा शोषखड्डा खणताना कंबरेएवढ्यावर कातळ लागला. गवंडी मला आजोबाच समजतो, म्हणाला, “मेमे, आणखी खोल जायचं तर सुरुंग लावावा लागेल. नाहीतर दुसरी जागा बघा. तळाला सिमेंट तरी टाकू.” सिमेंट लेहहून यायला आठवडा लागणार होता आणि छांग घेऊन येणाऱ्यांचा मुहूर्त ठरला होता. मी म्हटलं, “कातळ म्हणजे सिमेंटच की रे! राहू दे तसंच.” कातळाला भेग असते हे मला ठाऊक नव्हतं म्हणू? सगळा जन्म याच डोंगरात घोडे हाकले मी. आपलं घर झऱ्याच्या वर आहे, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आबी वासाचं बोलली, त्या दिवशी मी तिथेच होतो. छांग घेऊन आलेले सोयरे आदल्या दिवशी येऊन गेले होते. तिनं डबा तोंडाशी नेला, खाली केला आणि म्हणाली, “आज पाण्याला दवाखान्याचा वास का येतोय रे?” मला तो वास तिच्याआधी आला होता. मी म्हटलं, “तुझं नाक म्हातारं झालं, आबी.” ती हसली आणि प्यायली.

माझ्यासमोर प्यायली, निल्झा.

मग बैठकीत चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं ठरत होतं आणि चोर पुढच्याच रांगेत बसून चहा पीत होता. आणखी एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. तुझी बाजू घ्यायला कोणीच नव्हतं असं नाही. आबी उठली होती. जुलाबानं कंबर वाकलेली, काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, “ती पोर साहेब लोकांना स्वतःचा कागद पिशवीत बांधून घरी न्यायला लावते. ती पाणी बिघडवेल? दुसरं कारण शोधा.” लोकांनी तिला खाली बसवलं. तिचा बसायचा गालिचा मीच सरळ केला.

नंतर कुरण रिकामं झालं. खोऱ्यात एक तंबू उरला नाही. मी मनाला सांगत राहिलो, वास योगायोगानं आला असेल. मग एका संध्याकाळी मी फिनेलची दुसरी बाटली घेतली आणि सगळी त्या पांढऱ्या भांड्यात ओतली. खोटं ठरावं म्हणून ओतली, कोन्चोकची शपथ. सकाळी झऱ्यावर गेलो तर पाण्याला तोच वास. खालच्या घरांतल्या बायका आल्या, त्यांनी हुंगलं आणि डबे उलटे केले. “तंबू नाहीत, तरी हे असं! लू अजून शांत झाले नाहीत. पुन्हा पूजा करावी लागणार.” पुन्हा पूजा झाली, पुन्हा लोणी आपल्याच घरून गेलं.

घरी आलो तर माझ्या चौकीवर चहाच्या वाटीशेजारी फिनेलची रिकामी बाटली ठेवलेली. धुऊन, पुसून. तुझी आमा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती बाटली तिथेच राहिली, रोज जेवताना माझ्यासमोर. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही, पण मी माझ्या घरातलं कोंबडंही झाकू शकलो नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते आमाला वाचून दाखवलं. तू माफी मागणार या ओळीवर आलो तेव्हा ती वळली. म्हणाली, “ती येऊन त्यांच्यापुढे डोकं वाकवणार, आणि तू पुन्हा गालिचा सरळ करणार का?”

काल बैठक झाली. तू यायच्या आधी व्हावी म्हणून मीच तुंदुपच्या दारी धरणं धरून बसलो होतो. उभा राहून सगळं सांगितलं. खड्डा, कातळ, दोन्ही बाटल्या. आधी कोणाचा विश्वास बसेना. तुंदुप म्हणाला, “मुरुप, लेकीला वाचवायला हे स्वतःवर घेतोस का?” म्हणजे बघ, खरं बोललो तर त्यात माझी थोरवीच दिसत होती! क्षणभर वाटलं, असू दे. मग मी पिशवीतून बाटली काढून मध्ये ठेवली आणि म्हटलं, “हुंगून बघा.”

मग मात्र सगळे बोलले. बोलायलाच हवं होतं. “सोयऱ्यांसाठी सिंहासन बांधलंस आणि आमच्या डब्यात ओतलंस!” “दोनदा पूजा करवलीस! लूंनाही फसवायला निघालास?” तुझ्याच वयाचा रिग्झिन म्हणाला, “आम्ही निल्झाला नाही नाही ते बोललो, तेव्हा तुमच्या तोंडाला काय कुलूप होतं?” मी मान खाली घालून ऐकलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

आबी शेवटी बोलली. तिनं एवढंच विचारलं, “मुरुप, मी वासाचं बोलले, तेव्हा तुला ठाऊक होतं?”

मी म्हटलं, “होतं, आबी.”

“आणि मी प्यायले तेव्हा?”

“तेव्हाही.”

ती उठली आणि घरी गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठरलं ते असं. कुरण तुझ्यासाठी मोकळं आहे, तुंदुप स्वतः तुला सांगेल. न्हाणीघराला कुलूप लागलं. खड्डा मी माझ्या हातानं उपसून पलीकडच्या ओसाड उतारावर नेतोय, नाकाला फडकं न बांधता. जुनी खोली पुन्हा उभी करतो, माती-राख आजच आणून ठेवली. खालच्या घरांना सध्या पाणी वरच्या ओढ्यातून आणावं लागतं, आणि आबीचं पाणी रोज मी पोचवायचं. आज सकाळी पहिला डबा नेला. तिनं दार उघडलं, मला पाहिलं, आणि लावून घेतलं. डबा उंबऱ्यावर ठेवून परत आलो. नंतर आमा गेली आणि तोच डबा आत घेऊन गेली. तिच्या हातचं आबीनं घेतलं.

जिग्मेतच्या आईला काय सांगायचं ते तू ठरव. मी जे लपवायला गेलो ते तुझ्या घरची लाज नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तू त्या जुन्या खोलीसह आपलं घर जगाला ताठ मानेनं दाखवत होतीस, आणि मी एका बाईच्या पदराकडे बघत बसलो.

झरा निवळेल असं सगळे म्हणतात. बर्फ वितळून नवं पाणी आलं की पुढच्या वसंतात. तेवढं मी जगलो तर पहिली ओंजळ मी पिऊन बघीन, मग तू पिशील.

आता वर ये. वळणावर झरा लागेल, तो नेहमीसारखाच स्वच्छ दिसेल. थांबू नकोस. बाटलीत लेहचं पाणी असेल तर जपून ठेव, घरी आलीस तरी तेच पी.

ज्याच्या दारचं पाणी लेकीला पाजता येत नाही असा,
तुझा आबा