कान कुणाला द्यायचा

ताई, सगळ्यांत आधी गाडीतून उतरली ती आयनाश नावाची बाई, आणि हातात बिस्किटांचा डबा. बिस्किटं घेऊन येणारं सरकारी माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. (थांब, आधी सलाम घे. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? लाल गाय व्याली का? इकडे सगळं ठीक, फक्त मी इतकी खूश आहे की सकाळपासून दूध दोनदा उतू गेलं.)

तर ही बाई जिल्ह्याहून आली होती आपल्या ओरोजला भेटायला. आता तूच सांग, माझ्या दिराला भेटायला आजवर कोण आलंय? जन्मापासून डोक्यानं संथ. सासूबाई जाताना त्याचा हात माझ्या हातात देऊन गेल्या, तेव्हापासून त्याचं खाणं, टोपी, झोप सगळं मीच ठरवते. दाढी पांढरी झाली तरी मला तो पोरच. मग हिला अचानक एवढा कळवळा कशाला? मी म्हटलं, ही नेणार ह्याला. डोंगरापलीकडं अशा लोकांना ठेवतात ना, सगळ्यांना एकसारखे पायजमे, तिथं. म्हणून ओरोजला गोठ्यात गवतामागं बसवलं, हलू नकोस म्हणून दम दिला आणि बाईला सांगितलं की तो कुरणावर गेलाय. तेवढ्यात हा अंगावरचं गवत झटकत बाहेर आला, तिच्याशी हात मिळवला आणि म्हणाला की मीच ओरोज, वहिनीनं लपवलं होतं.

असं तोंडावर पडल्यावर मेंढा कापण्यावाचून काय उरतं.

बाईबरोबर करड्या केसांचा एक माणूस होता, सागिन. कोट, टाय, आणि तोंडातून शब्द नाही. बाई दर गोष्ट त्याला विचारायची, बसायचं का, सुरू करायचं का. मी ओळखलं, खरा साहेब हाच. (न बोलणारा साहेब सगळ्यांत वाईट. आपल्या सामूहिक शेतीवरचा तो मुकादम आठव, बोलायचा नाही आणि बरोबर आपलीच गाय न्यायचा.) त्याला वरच्या मानाच्या जागी बसवलं, गादीवर गादी घातली, चहात जर्दाळूचा मुरांबा घालायला चमचा उचलला, तर त्यानं हात आडवा केला. साखरेचा आजार आहे म्हणे. लगेच ओरोज म्हणाला, मलाही नको. ताई, इतकी वर्षं हा माझा मुरांबा मुकाट गिळत होता. त्याची साखर वाढलीय हे डॉक्टरीणबाईंनी हिवाळ्यात मला सांगितलं होतं, त्याला कुणीच नाही. मी साखर बंदही केली होती, पण मुरांब्याचं नाव काही त्यांनी काढलं नव्हतं.

मग बाईनं ओरोजला विचारलं, पुढं कुठं राहायचंय, कसं राहायचंय. उत्तर मी दिलं, की वसंतात आम्ही दोघं शहरात माझ्या थोरल्या मुलाकडं जाणार, ठरलंय सगळं. ती माझं नीट ऐकून घ्यायची आणि परत त्यालाच विचारायची. केवढी हट्टी. ओरोज आपला टोपीशी चाळा करत बसला. मी म्हटलं, बघा, त्याला कुठं काय कळतंय.

जेवण वाढलं. मेंढ्याचं डोकं मी सागिनसाहेबांपुढं ठेवलं. त्यानं रीतीप्रमाणं कान कापला आणि द्यायला मूल शोधू लागला. नातवंडं शहरात, म्हणून मी ओरोजकडं बोट दाखवलं. कान दर वेळी त्यालाच देते, लहानांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून. सागिननं त्या पांढऱ्या दाढीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मूल कुठंय?" त्यानं विचारलं.

मग तो सावकाश सांगू लागला. तोही ओरोजसारखाच संथ, घरी होता तोवर त्यालाही कानच मिळायचा. आता जिल्ह्याच्या गावी स्वतःच्या खोलीत राहतो, दवाखान्यात स्वतः जातो आणि बाईबरोबर फिरून आपल्यासारख्यांना विचारतो, तुम्हाला काय हवंय. मी गारच पडले. एवढ्या गाद्या मी कुणासाठी रचल्या होत्या? ओरोज एकदा सागिनच्या ताटाकडं बघे, एकदा आपल्या.

"वहिनी, मला कान नको," तो म्हणाला. "जांबाश दे."

जांबाश, पिकल्या दाढीच्या मानाचं ते कमरेचं हाड, मी शेजारच्या म्हाताऱ्याला धाडायला झाकून ठेवलं होतं. ते दिलं. ते हातात आल्यावर त्याची जीभच सुटली. शहरात येणार नाही. मेंढ्यांपाशी इथंच राहणार. रोज नदीपर्यंत चालणार, दवाखान्यात आपला आपण जाणार, आणि चष्मा हवाय, कारण कोकरं पुसट दिसतात. वर म्हणतो, "वहिनी म्हातारी झाली की मी सांभाळीन तिला." (मी अजून झाले नाही असं त्याचं मत आहे, त्यात मी हात घातला नाही.) थोरल्याला निरोप धाडलाय की आम्ही येत नाही. आणि सगळ्या गल्लीला सांगून आले, माझा दीर मला नाही म्हणाला, तेही पाव्हण्यांदेखत.

तुझी धाकटी,
कनिशाय

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. तुझ्या नातवाच्या लग्नात ओरोजला दाराशी पोरांत बसवू नकोस. म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसव आणि जांबाश वाढ. नाहीतर तो येणार नाही म्हणतो, आणि तो नाही तर मीही नाही.

ता. क. बिस्किटांचा डबा अजून उघडलेला नाही. कशासाठी दिला ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. ओरोजनं मात्र परस्पर सगळा शेजाऱ्यांना वाटून टाकलाय, हे आत्ताच डबा उचलल्यावर कळलं.

ता. क. त्याला चष्म्याला न्यायला ती दोघं परत येणार आहेत. ह्या खेपेला मांस ओरोज वाटणार. माझ्या वाट्याला काय, विचारलं तर नुसता हसतो. मला कानाचा दाट संशय आहे. गुरुवारी येतो म्हणालेत.