बेचाळीस इंचांचं दार

४ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा कसा आहे ते आधी कळव, मग माझं रडगाणं वाच. भाड्याची शिवणखोली मालकाला तीस तारखेला रिकामी करून हवी आहे. त्याचं तरी काय चुकलं, लेकीला दुकान घालून द्यायचंय त्याला. म्हणून आठही मशीनं माझ्या घराच्या तळमजल्यावर हलवायचं ठरवलं आणि राहत्या घरात धंद्याची परवानगी पालिकेकडे मागितली. आज अर्ज नामंजूर होऊन परत आला. आठ बायका कामाला बसणार, तर आग लागल्यास बाहेर पडायला मागचं दार बेचाळीस इंच रुंद हवं म्हणे. माझं एक्केचाळीस भरलं. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला खांब, म्हणजे वाढवायचीही सोय नाही.

नकाशा काढणारा म्हणालाच होता, बाई, बेचाळीस लिहून टाकू, इंचभराला कोण विचारतंय. मीच त्याला सुनावलं, की या टेपने तीस वर्षं अख्ख्या गल्लीची मापं घेतली, एक कपडा परत आला नाही. टेप एक्केचाळीस म्हणतो तर एक्केचाळीसच लिही. आता त्या खरेपणाचं लोणचं घालू का?

दादा, नकाशे तपासायच्या त्याच टेबलावर तू बावीस वर्षं काढलीस. आता तिथे बसणारी बाई तुझ्याच हाताखाली शिकली. एक फोन कर. लहानपणीची सायकल सोडली तर मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

माया आहेच, ती फोनपर्यंत पोचू दे.
तुझी,
ठकी

९ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीचा गुडघा बरा आहे, जीभ तर त्याहून बरी आहे. तुझं पत्र वाचल्यापासून घरात मला दगड म्हणतात.

फोन करणार नाही. मी बोललो तर ती बाई अवघडेल. हो म्हणाली तर माझ्या शब्दासाठी म्हणेल, आणि उद्या त्या दारातून तुझ्या बायकांना खरंच पळावं लागलं तर माझा शब्द मध्ये येऊन दार रुंद करणार नाही. मात्र फेरपाहणीचा अर्ज देता येतो. साध्या कागदावर लिही, की जागेवर येऊन मोजावे. एवढंच लिही, गाऱ्हाणं घालू नकोस. आणि दाराआडची कापडांची गाठोडी हलव, ती मला ठाऊक आहेत.

राग आला तरी जेवत जा.
तुझा,
दादा

१४ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

अर्ज दिला. काही होईल असं वाटत नाही. माझ्याच टेपने एक्केचाळीस सांगितलं, त्यांचा काय वेगळं सांगणार? आज सगळ्याजणींना खरं ते सांगून टाकलं. काजं-बटणं करणारीच्या घरात तिच्या एकटीची कमाई आहे. तिने आपली कात्री तेवढी पिशवीत घातली.

तू नियमाचा माणूस, मान्य. पण भाऊ म्हणून मोजायला गेलं तर कमी भरलास.

वहिनीला नमस्कार.
ठकी

२३ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली.

ती तपासनीस बाई स्वतः आली. लोक इंच वाढवून लिहितात, कमी लिहिणारी कोण ते पाहायला आले म्हणाली. पोलादी टेप लावला, तर दार बेचाळीस आणि वर पाव. मी तिच्याशीच वाद घातला, की तुमचा टेप चुकतोय. तिने शांतपणे माझा टेप मागितला आणि दोन्ही शेजारी ठेवले. माझा कापडी टेप ओढून ओढून लांबलाय, दादा. चाळीसामागे चांगला इंचभर खातो. गिऱ्हाईक त्याच टेपने मोजलं, कापडही त्याच टेपने बेतलं, म्हणून इतकी वर्षं पत्ता लागला नाही.

तुझं नाव मी काढलं नव्हतं. पाणी पिताना तीच सांगू लागली. तिच्या जुन्या साहेबांनी नवीन असताना एका लाँड्रीची फाइल जागा न बघता परत पाठवली. लाँड्री बंद पडली. नंतर त्यांनी जाऊन मोजलं, तर चूक नकाशातली होती, जागा बरोबरच होती. त्यानंतर दोन वर्षं वरिष्ठांच्या मागे लागून त्यांनी ही फेरपाहणीची सोय करून घेतली. मी म्हटलं, ते माझे दादा. ती उठून उभीच राहिली.

आणि मी तुला पँटला चुना लावून घरी येणारा साहेब म्हणून चिडवत आले. लोकांची दारं मोजून येत होतास, हे कधी बोलला नाहीस. ‘कमी भरलास’ हे माझे शब्द मी परत घेते. आठ घरांची चूल तुझ्यामुळे पेटती राहिली, हे आम्ही कुणी विसरणार नाही. बटणंवालीने कात्री पुन्हा टेबलावर ठेवली.

नवा पोलादी टेप आणलाय, जुना टाकून देते. पहिलं कापड तुझंच बेतणार, दोन पँटी. मापं वहीत आहेतच.

तुझा लोभ मला मोजता आला नाही, तो तसाच राहू दे.
तुझी,
ठकी

२८ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वहिनीने दोनदा मोठ्याने वाचलं. दगडाची पदवी तूर्त मागे घेतली आहे.

तो लाँड्रीवाला पुढेही रस्त्यात भेटला की हसून नमस्कार करायचा. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच्यासाठी काही करता आलं नाही, म्हणून ते कुणाला सांगितलं नाही. त्याचं देणं निदान तुझ्या दारापर्यंत पोचलं, याचं समाधान शब्दांत सांगता येत नाही. आणि खरं सांगतो, तीन वेळा फोन उचलला होता. तू चुकीचं का होईना, पण खरं माप लिहिलंस, म्हणून ठेवू शकलो.

आठही जणींना माझा नमस्कार सांग.
तुझा,
दादा

ता. क. वहीतली माझी मापं जुन्या टेपची आहेत. नव्या टेपने बेतलंस तर पँट कमरेला चढणार नाही. तो टेप टाकू नकोस, माझ्यापुरता ठेव. त्याच टेपने मोजलंस तर मी अजून बरोबर भरतो.