एकही चौकोन नको

नागपूर, जानेवारी १९७४

प्रिय कौसल्या,

मौद्याची थंडी कशी आहे, हे विचारायलाही आज मन होत नाही. मघाशी जेवायला बसले आणि दोन घासांवर उठले, इतकी शिसारी आली आहे माणसांची.

आमच्या संमेलनात यंदा विलायती लोकनृत्यांची संध्याकाळ आहे, हे जयाने कळवलंच असेल. तुझी लेक आजीकडे राहून माझ्याच शाळेत शिकते, त्यामुळे माझी प्रत्येक फजिती तुझ्यापर्यंत पोचतेच. नाच निवडायचं काम शारीरिक शिक्षणाच्या बाईंचं, म्हणजे माझं. मी रांगेचे नाच घेतले. आठवतं, ट्रेनिंग कॉलेजात आपण दोघी ग्रामोफोनवर शिकलो होतो ते? समोरासमोर दोन लांब रांगा, जोडी हळूहळू पुढे सरकत जाते आणि नाच संपेपर्यंत प्रत्येकीचा हात प्रत्येकीच्या हातात येऊन जातो. पण नुसत्या रांगांना बघणारे जांभया देतात, म्हणून मध्ये दोन चौकोनाचे नाच घालावेत म्हटलं. चौकोनात चारच जोड्या, त्या आपल्याआपल्यात नाचतात. कोणते दोन घ्यावेत, या विचारात मी आठवडाभर मजेत होते. मूर्ख कुठली!

सोमवारी तालमीला पालक समितीच्या सिंधूताई आल्या. सीताबर्डीवर कपड्यांचं मोठं दुकान, बोलणं गोड. त्यांची गोपिका रांगेत सरकत जयासमोर आली, दोघींनी हात धरून गिरकी घेतली आणि खळखळून हसल्या. नाच थांबला तशी सिंधूताईंनी लेकीला जवळ बोलावलं, पर्समधून रुमाल काढून ओला केला आणि सगळ्यांसमोर तिचे हात पुसले. एकेक बोट पुसलं, वं! मग मला म्हणाल्या, “बाई, रांगा कमी करा अन् चौकोनच जास्त घ्या ना. त्या बौद्धांच्या पोरींचा एक वेगळा चौकोन करून टाका. त्यांनाही बरं वाटते.” शेजारी मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली. तो रुमाल दोघींच्या तोंडात कोंबावा असं मला वाटलं. तू हसशील, पण खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही चौकोन काढून टाकले. आता सगळ्या रांगाच. लगेच गोपिकासकट काही मुलींची नावं पालकांनी मागे घेतली. मुख्याध्यापिका म्हणतात, रांग पुरी भरली नाही तर कार्यक्रम रद्द. मी वर्गावर्गात फिरून मुली गोळा केल्या, शिवणाच्या कांताबाईंनाही उभं केलं. त्या जरा जास्तच ठुमकतात, पण हात घट्ट धरतात.

जयाने तुला कळवलं असेल की पाय मुरगळलाय, नाचता येणार नाही. मलाही तिने तेच सांगितलं. कौसल्या, तिचा पाय धड आहे. तिने तो रुमाल पाहिला. तुला हे कळू नये म्हणून पोर लंगडत चालते आहे आणि मला ते बघवत नाही, म्हणून हे पत्र. पुढच्या शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे; तू सकाळच्या एसटीने ये, तिच्याशी बोल. तिला नाचायचंच नसेल तर मी एक शब्द बोलणार नाही. पण कुणीतरी हात पुसले म्हणून ती घरी बसणार असेल, तर तिला घेऊन ये. रांगेत समोरासमोरच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. एक जयाची. दुसरीसाठी तू कापडी बूट घालून ये.

तुझीच,
मनकर्णा