स्वप्नांत न आलेलें गाणें

७ फेब्रुवारी १९५४
पिनांगहून रामूमामाची ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी आली. मामा तिथें बंदरावर कारकून. मद्रासच्या दुकानांतही न मिळणाऱ्या कुठकुठल्या मुलखांच्या तबकड्या खलाशांकडून घेतो, माझ्यासाठीं. आज रविवार, ऐकायला नेहमीसारखा सुंदरही होता. शेजारचा, लहानपणीं पहिले स्वर त्याला मींच दिले, आतां फिडलच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, करतो. एका तबकडीवर कुण्या म्हातारीचें गाणें. भाषा कळेना, वर छापलेली लिपी कळेना. वाद्य नाहीं, मागें नुसती टाळी. सूर वर चढेलसें वाटतें तिथें ती खालीं उतरते. मधेंच खोकते, आणि पुन्हा तिथूनच धरते! किती वेळां लावली कोण जाणे. कॉफी निवून गेली.

९ फेब्रु.
शाळेंत मुलींना गीत शिकवतांना डोक्यांत तेंच. घरीं येऊन वीणेवर बसवलें. बोट सोललें. दादाला ऐकवलें. "हें काय गे, गाणें की रडणें?" वहिनी हसली. सुंदर तबकडी घरीं घेऊन गेला. "दोन दिवस दे, अक्का."

१८ फेब्रु.
तिरुनागेश्वरम्‌च्या देवळांत सुंदरची कचेरी. वहिनीबरोबर गेलें. शेवटीं गज खालीं ठेवून त्याने हात जोडले. "अंबाळ देवीने स्वप्नांत येऊन हा राग दिला. अजून नांव ठेवलेलें नाहीं."
आणि वाजवूं लागला.
म्हातारी. तीच. खोकला तेवढा वगळून. बायका डोळे पुसत होत्या, वहिनीसुद्धां. त्याने एकदांही माझ्याकडे पाहिलें नाहीं.

१९ फेब्रु.
सकाळींच त्याच्याकडे. तबकडी दे म्हटलें.
"फुटली, अक्का. बसमध्यें कुणाचा पाय पडला."
तुकडे?
"टाकले."
खालीं बघून बोलत होता. स्वप्न कसलें रे, विचारलें.
"मग काय सांगूं? खलाशाकडची कोण एक म्हातारी? देवळांत ऐकून घेतलें असतें कुणी? मीं तिला देवीसमोर नेली, असें म्हण की."
वाटेंत सुचलें: नेलीस, तर मग दारांतच कां सोडलीस तिला?

२१ फेब्रु.
रविवार. सुंदर आला नाहीं. पेटीला हात लावला नाहीं.
दादाला सगळें सांगायला बसलें. पुरतें ऐकूनही घेतलें नाहीं. "गप्प रहा. माझ्या कमळीचें लग्न त्याच्याशीं जमत आलें आहे."
पण स्वप्नाचें खोटें आहे, दादा.
"ठाऊक आहे. कचेरीआधींच सांगून गेला तो मला."
आधींच. म्हणजे मी देवळांत जायला निघालें तेव्हां हा इथें झोपाळ्यावर बसून पान जमवत होता, आणि त्याला ठाऊक होतें. जेवलें नाहीं. सुंदरचें इतकें लागलें नव्हतें.

२४ फेब्रु.
तंजावरहून आबाकाका आले. बाबांचे स्नेही, रागांचे मोठे जाणकार. सुंदरच्या रागाचा गवगवा तिथवर गेला आहे. शुक्रवारीं इथल्या संगीतसभेंत त्याला नांव द्यायचें, तें काकांच्या तोंडून.
"तूं त्याची पहिली गुरु. तुला कसा वाटला राग?"
दादा दारांत उभा. माझ्याकडे रोखून.
मी गायलें. बोल येत नव्हते, नुसते सूर. पण सगळे, तिच्या खोकल्यासकट.
काकांनी पानाची चंची मिटली. "कुणाकडून शिकलीस?"
सांगितलें. तबकडी कुठें गेली तेंही.
"शुक्रवारीं सभेंत असेंच गाशील? तो समोर असतांना?"
गाईन म्हटलें.

२५ फेब्रु.
दादा बोलत नाहीं. वहिनी ताट वाढून निघून जाते. कमळी मात्र विहिरीपाशीं येऊन उभी राहिली. "आत्या, तें खरेंच तुमच्या तबकडीवरचें?" होय म्हटलें. "मग त्यांनी मलाही स्वप्नच कां सांगितलें?" बादली भरून गेली, वाहूं लागली, ती तशीच उभी.
संध्याकाळीं सुंदरची आई दारापुढच्या तिण्णेवर, ओट्यावर, येऊन बसली. आमची आई गेली तेव्हां याच काकीने मला जवळ घेतलें होतें. आंत या म्हटलें, नको म्हणाली. मग एवढेंच: "तुझाच ना गे तो?"
कॉफी नेऊन दिली. पेला हातांत धरून बसली आहे, पीत नाहीं. रडतही नाहीं. आंतून दिसते. दिवे लागले तरी उठली नाहीं.
उद्यां शुक्रवार.