पाटी झाली, दाराचं काय

पांढुर्णा, रविवार, डिसेंबर १९८४

बायकांचं वाचनालय आज उघडलं आणि एकही बाई आली नाही. पाटी मी आधी रंगवून घेतली, मग नियम ठरवले. क्रम चुकला का?

रात्री भाकरी थापताना आई म्हणाली, "मी आली होती कोपऱ्यापर्यंत. तुह्या दारापुढं कापसाच्या गाड्या लागून राहिल्या, अन् त्यातल्या एकीवर तुहे मोठेबाबा बसले. जेठापुढून पुस्तक आणाले कशी जाऊ? पाटी मातर मस्त हाय. दुरूनच वाचली."

बाबांच्या थोरल्या भावापुढून आईच येऊ शकत नसेल, तर हे कोणासाठी?

मागच्या गल्लीत एक दार उघडतं. त्याला मीच पुस्तकांचं कपाट टेकवलं आहे. उद्या आधी कपाट हलवायचं. पाटी आहे तिथेच राहू दे, दुरून वाचता येते.