साडूच्या घरी बाईची डाळ

नागपूर, पंधरा ऑगस्ट उलटल्यावर, डोकं थोडं निवल्यावर

आदरणीय बाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, भैय्याजीचा, सविनय जयभीम. दाजींनाही जयभीम सांग आणि त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव. (जवसाचं तेल गुडघ्याला चोळायला दिलं होतं, भाकरीवर घ्यायला नव्हे, हे त्यांना एकदा समजावून सांग.) इकडे सर्व खुशाल. म्हणजे तुझी भावजय दीक्षा खुशाल आहे, लेक पायल सासरी बुटीबोरीला खुशाल आहे, आणि माझे साडू धम्मानंद तर इतके खुशाल आहेत की बघवत नाही. मी कसा आहे हे विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून स्वतःच सांगतो : मी जळून राहिलो आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो गा, हो गा" म्हणत मधेच म्हशीवर ओरडायला जातेस आणि माझं अर्धं दुःख म्हैस ऐकते. म्हणून पत्र.

तुला ठाऊकच आहे, मी सारी नोकरी धान्याच्या गोदामात काढली. तूर ब्रह्मदेशातून येते, आफ्रिकेतून येते, पिवळा वाटाणा कॅनडातून येतो आणि बेसनात लपून बसतो, भज्यांचं तेल थेट इंडोनेशियातून येतं, हे मी या कॉलनीला घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. एवढा मोठा देश, आणि वरणासाठी बोटीची वाट बघतो! उद्या बोट नाही आली तर काय समुद्राचं पाणी भातावर घेणार? हे मी वाण्याच्या दुकानापुढे विचारलं, सीताबर्डीला जाताना मेट्रोत विचारलं, एका बारशातही विचारलं. लोक म्हणायचे, भैय्याजी सुरू झाले. आता शब्दाला शब्द तेच धम्मानंद बोलतात, तर लोक माना डोलावतात. काय, तर बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी खादीचा कुर्ता शिवला, गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत वांगी लावली आणि मोबाइल तोंडासमोर धरून 'नमस्कार, जयभीम, आपल्या देशाचं आपल्या ताटात' असं म्हणायला सुरुवात केली. (वांगी अकरा लागली. त्यातली चार किडकी होती. हे व्हिडिओत नाही.)

तेवढंही मी गिळलं असतं. पण बाई, ते तुझ्या शेतात पोचले. दाजी सगळीकडे सोयाबीन म्हणत असताना तू हट्टाने मधे तुरीच्या ओळी, तुरीचे तास सोडतेस, हे मी जन्मभर अभिमानाने सांगत आलो. आणि त्या तासांत उभं राहून व्हिडिओ कोणी काढला, तर साडूंनी. त्यात तू डोक्यावर पदर घेऊन हसतेस. मी तो पुन्हापुन्हा पाहिला. माझ्याबरोबरच्या एकाही फोटोत तू हसलेली नाहीस. पायलच्या लग्नातल्या फोटोत तर तू माझ्याकडे असं बघतेस, जणू मी म्हशीचा दोर सोडून आलो आहे.

आणि मग पोतं. दरवर्षी तुझी तूर, भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून, पोत्याचं तोंड जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाने शिवून, उमरेडच्या एसटीने आमच्याकडे येते. आईच्या माघारी हेच माझं माहेर. (पुरुषाला माहेर नसतं असं दीक्षा म्हणते. तिला काय कळतं.) यंदा मी आठवडाभर पायलकडे राहून परतलो, साडूंकडे चहाला गेलो, आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी काय दिसावं? हिरवा काठ! त्यांच्या घरी बाईची डाळ! चहा अर्धा टाकून मी उठलो. घरी येऊन कोठी पाहिली, आपल्याकडे काही नाही. मी दीक्षाला एवढंच म्हणालो, की यापुढे या घरात देशी आणि विदेशी असं काही काढायचं नाही, आणि साडूचं तर नावच नाही. तिने मान डोलावली. ती मान डोलावते तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं.

आता पंगतीचं सांगतो. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की कॉलनीच्या हॉलमध्ये जेवण, आणि त्यात सातासमुद्रापलीकडचं काही नाही, असं साडूंनी ठरवलं. तेल जवसाचं, मिरची भिवापूरची, भाजी गच्चीवरची आणि उरलेली कॉटन मार्केटमधली. हिंगसुद्धा नाही, कारण हिंगाचा चीक काबूलकडून येतो. यावर त्यांनी वेगळा व्हिडिओ काढला, सगळ्या बायांनी तो पाहिला आणि सगळ्या घरांत हिंगाच्या डब्या मागे सरकवल्या गेल्या. मला मान मिळाला पत्रावळ्यांचा. ज्याने आयुष्यभर डाळीच्या जहाजांचा हिशेब ठेवला, त्याने पळसाची पानं पुसायची! मी पुसली. पण मनाशी म्हटलं, भैय्याजी, बाहेरची एक तरी वस्तू या पंगतीत सापडेल. सापडली की साडूंचा कुर्ता खाली.

म्हणून भाषणं सुरू झाल्यावर मी मागच्या दाराने रांधणाऱ्यांत शिरलो. आचारी ताराचंद पाटवड्या कापत होता. मी तेलाचा डबा हुंगला, मीठ चाखलं, मसाल्याच्या पुड्या उलट्या करून पाहिल्या. काही नाही! इतका प्रामाणिक माणूस असावा तरी कशाला? शेवटी वरणाच्या गंजावरचं झाकण काढलं आणि पळीभर चाखलं. बाई, ती तुझी तूर होती. जिभेला लगेच कळलं. ती किंचित धुरकट चव दुसऱ्या कोणत्या डाळीला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (भिवापुरी मिरचीही होती, पण ती नंतर लागली.) आणि तुझ्या तुरीच्या वरणात हिंग नाही! आई म्हणायची, बिनहिंगाचं वरण आजाऱ्याला द्यावं, पाहुण्याला देऊ नये. गॅससाठी माझ्या खिशात हिंगाची डबी असते, हे तुला माहीत आहे. तुझी शपथ, मी काही ठरवलं नव्हतं. हातच गेला. तुझी डाळ चारचौघांत फिकी पडलेली मला बघवली नाही. ताराचंदकडून पळीभर तेल तापवून घेतलं, हिंग टाकला, चर्र झालं, गंजात ओतलं, झाकण लावलं आणि पत्रावळ्यांपाशी येऊन साळसूद उभा राहिलो.

पुढचं ऐक. लोक वरणावर तुटून पडले. भाजीला कोणी विचारेना. म्हातारे पत्रावळ चाटत होते, मुलं वाडग्याने पीत होती. कॉलनीचे अध्यक्ष उठून म्हणाले, असं वरण जन्मात खाल्लं नाही, हा धम्मानंदजींच्या विचारांचा विजय आहे, आणि त्यांच्या गळ्यात हार घातला. आता माझी अवस्था बघ. हिंग माझा म्हणावं, तर व्रत मी मोडलं. गप्प बसावं, तर माझी फोडणी साडूंच्या नावावर जाते. शहाणा माणूस गप्प बसला असता. मी बाकावर चढून ओरडलो, "वरणात हिंग हाय! आन् तो मी टाकला!"

एका बाईने घास हातातच ठेवला. वाटलं, आता हार उतरणार, माझ्यासोबत तेही बुडणार, चला, एवढं तरी झालं. पण साडूंनी माइक घेतला आणि त्या मधाळ आवाजात म्हणाले, "भैय्याजीनं आज आपले डोळे उघडले. पायजा, देशाचं देशात खाणं बोलाले सोपं हाय, पण जिभेले किती कठीण! हे दाखवाले त्याईनं सोताची बदनामी करून घेतली." टाळ्या! मला नव्हे, त्यांना. अध्यक्षांनी दुसरा हार आणला. पहिला काढून माझ्या गळ्यात घालतील असं वाटलं होतं. दोन्ही त्यांच्याच गळ्यात राहिले. शिवाय त्यांनी मला मिठी मारली, आणि झेंडूच्या पाकळ्या माझ्या पांढऱ्या सदऱ्याला लागल्या. डाग अजून गेलेले नाहीत.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला काय सांगायचं ते तू सांग.

तुझा (अजूनही तुझाच),
भैय्याजी

ता.क. मुद्दा राहिलाच. सध्या आमच्या डब्यात दुकानातली डाळ आहे. पिशवीवर देशाचं नाव बारीक अक्षरात आहे, म्हणून मी चष्मा काढून जेवतो. तुझं पोतं बंद झालं आणि ज्याने जन्मभर परदेशी डाळीला शिव्या दिल्या, त्याच्याच घरात ती आली. काही चुकलं असेल तर रागाव, पण एक पोतं पाठव. साडूंच्या पोत्याएवढं. थोडं मोठं असलं तरी चालेल.

ता.क. २ : पत्र पाकिटात घालताना दीक्षाने वाचलं आणि पोट धरून हसली. म्हणते, "बाईनं दोन पोते धाडले होते. एक तिकडं, एक आपल्याले. आपलं पलंगाखाली ठेवलं होतं. तुमी पायलकडं होते. वापस आले ते भडकूनच. देशीचं नाव काढू नका म्हणाले ना? मंग मले काय समजन? देऊन टाकलं पंगतीले." बाई, आता तूच हिशेब लाव. डाळ माझी, हिंग माझा, पत्रावळ्या मी पुसल्या, अख्खी कॉलनी मी जेवू घातली. आणि दोन हार त्यांना! त्यांचं पोतं तर अजून उघडलेलंही नाही.

ता.क. ३ : दीक्षा म्हणते, साडूंकडून अर्धी मागून घ्या, आनंदाने देतील. तेच तर नको आहे. तू असं कर, आणखी दोन पाठव. एक आम्हाला. दुसरं मी स्वतः डोक्यावर घेऊन त्यांच्या घरी पोचतं करतो, भर दिवसा, सगळी कॉलनी बघत असताना. आणि यापुढे कोणी मोबाइल घेऊन तुरीत उभा राहिला, तर हसू नको. हसायचंच असेल तर थांब, मी रविवारच्या पहिल्या गाडीने येतो.