उशिरा फुललेली बाग

थोआ बाळा,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून लिहिते. नव्या वर्षाचा टेटचा सण होऊन तीन आठवडे झाले, पावसाची भुरभुर थांबत नाही आणि आपली पीचची बाग आत्ता फुलली आहे. सणाला फुलं हवीत तर दोन महिने आधी पानं खुडावी लागतात. त्याच दिवसांत तुझे बाबा गेले. पानं खुडायची राहिली. शेजारची लुआमावशी म्हणाली, "पुढच्या टेटची तयारी लवकरच केलीस गं!"

दरवर्षी फांद्या कळीतच विकल्या जायच्या. यंदा फुलं घरी राहिली. चहा घेऊन त्यांच्यात बसते, भिजते. फुलं छान आहेत, एवढं कळतं.

परवा तैवानहून तू फोनवर विचारलंस, "बाबा कुठेत?"

मी म्हटलं, "बागेत. पानं खुडतायत."

तू "बरं" म्हणालीस. बागवानाची पोर ना तू? टेटनंतर कोणी पानं खुडतं का?

तुझी आई